ज्युनियर कॉलेजातला खेळाडू संघात घेताना: आधी ट्रान्सक्रिप्ट, मग फिल्म

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका मध्यम ताकदीच्या डिव्हिजन वन (विद्यापीठांच्या खेळातला सर्वांत वरचा गट) विद्यापीठात पुरुष बास्केटबॉल संघाचा ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून काम करणारा एक मराठी मुलगा विचारतो: एप्रिल उजाडला, संघातले दोन गार्ड सोडून गेले. कॅन्ससमधल्या एका ज्युनियर कॉलेजात सहा फूट चार इंचांचा गार्ड आहे, दुसरं वर्ष संपत आलंय, सामन्यामागे १८ गुण काढतो. मुख्य कोचने त्याची माहिती काढायला सांगितलंय. सुरुवात कुठून करू, आणि काय काय तपासू?

आज रात्री त्याची फिल्म, म्हणजे सामन्यांचं चित्रण, लावून बसू नका. आधी त्याने आजवर ज्या ज्या कॉलेजात नाव घातलं त्या प्रत्येक कॉलेजचा ट्रान्सक्रिप्ट (विषयवार ग्रेडचा अधिकृत उतारा) मागवा, एका सत्रापुरतं घातलं असलं तरी. एकदा खेळ डोळ्यांत भरला की कागदाकडे डोळेझाक होते. मग मे महिन्यात करारावर सह्या होतात आणि ऑगस्टमध्ये कळतं की पोरगा नोव्हेंबरात कोर्टवर उतरूच शकत नाही. तोवर बाकीचे चांगले गार्ड दुसऱ्यांनी उचललेले असतात. संघ पुढच्या वर्षी सावरतो, पण त्या मुलाचं गेलेलं वर्ष त्याला कुणी परत देत नाही.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक खुलासा. महाराष्ट्रात ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेत ते बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज असतं. ते पुरं केलं की असोसिएट पदवी मिळते आणि चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला दाखल होता येतं. खेळाच्या जगात त्याला सगळे 'जुको' म्हणतात. यातली बहुतेक कॉलेजं १९३८ साली स्थापन झालेल्या एनजेसीएए या संघटनेखाली खेळतात. तिच्या पहिल्या विभागात राहण्याजेवणासकट पूर्ण शिष्यवृत्ती देता येते, दुसऱ्यात फी आणि पुस्तकांपुरती, तिसऱ्यात खेळासाठी काहीच नाही. कॅलिफोर्नियातल्या कॉलेजांची संघटना वेगळी आहे आणि तीही खेळाची शिष्यवृत्ती देत नाही, म्हणून तिथला मुलगा कधी कधी नोकरी करून खेळत असतो. त्याच्या आकड्यांकडे बघताना हे लक्षात ठेवावं. पहिल्या विभागाची राष्ट्रीय स्पर्धा १९४९ पासून कॅन्ससमधल्या हचिन्सनला होते, आणि मार्चमधल्या त्या आठवड्यात देशभरचे असिस्टंट कोच तिथे वही घेऊन बसलेले असतात.

मुलाबद्दलचा पहिला प्रश्न: तो जुकोत गेलाच का? याचं उत्तर बहुधा तीनपैकी एक असतं. शाळेत उशिरा वाढला आणि कुणी विचारलं नाही, किंवा एखाद्या विद्यापीठात गेला आणि जमलं नाही म्हणून खाली उतरला, किंवा शाळेतले मार्क पुरले नाहीत. तिसरं कारण असेल तर तो एनसीएएच्या (चार वर्षांच्या विद्यापीठांचे खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या) भाषेत 'नॉन-क्वालिफायर' असतो आणि त्याला लागणारे नियम बरेच कडक होतात. क्वालिफायर व्हायला शाळेतले १६ ठरावीक विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (४ पैकी ग्रेडची सरासरी) लागतो. एसएटी-एसीटीची अट जानेवारी २०२३ मध्ये गेली. मुलगा किंवा त्याचा कोच 'क्वालिफायर आहे' असं तोंडी सांगतो त्यावर विसंबू नका. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरमध्ये त्याची नोंद असते, ती तुमच्या विद्यापीठाच्या कंप्लायन्स (नियमपालन) ऑफिसकडून काढून घ्या.

क्वालिफायर असेल तर काम सोपं. जुकोत किमान एक पूर्णवेळ सत्र, प्रत्येक सत्रामागे सरासरी १२ स्वीकारार्ह (तुमचं विद्यापीठ मान्य करेल असे) क्रेडिट, आणि त्या क्रेडिटांवर २.५ जीपीए. असा मुलगा एका वर्षानंतरही येऊ शकतो, म्हणजे तुम्हाला त्याची तीन वर्षं मिळतात. नॉन-क्वालिफायरला मात्र जुकोची पदवी घ्यावीच लागते. किमान तीन पूर्णवेळ सत्रं, ४८ सेमिस्टर क्रेडिट, त्यांत इंग्रजीचे ६, गणिताचे ३, निसर्गविज्ञानाचे ३, आणि जीपीए तोच, २.५. शिवाय पदवीच्या एकूण क्रेडिटांपैकी किमान २५ टक्के, पदवी देणाऱ्या कॉलेजातच मिळवलेले असले पाहिजेत. शेवटच्या घाईत दुसऱ्याच कॉलेजच्या ऑनलाइन विषयांनी खड्डा भरायला गेलं की या अटीवर पाय अडकतो.

आता ट्रान्सक्रिप्ट समोर धरा. वरच्या कोपऱ्यात छापलेला जीपीए तुमच्या कामाचा नाही. एनसीएएचा २.५ हा फक्त तुमचं विद्यापीठ स्वीकारेल त्या विषयांवर काढायचा असतो. समजा, कागदावर ६४ क्रेडिट आणि १७० गुणांक (क्रेडिटमागे ए चे ४, बी चे ३, डी चा १) आहेत, भागले की २.६६. दिसायला व्यवस्थित. यात पायाभूत गणित आणि पायाभूत इंग्रजी असे ३-३ क्रेडिटचे दोन रेमेडियल विषय आहेत, एकात ए, एकात बी. रेमेडियल विषय सहसा पुढे चालत नाहीत, ते काढा: ६ क्रेडिट आणि २१ गुणांक गेले. 'व्हर्सिटी बास्केटबॉल' आणि 'वेट ट्रेनिंग' असे शारीरिक शिक्षणाचे प्रात्यक्षिक विषय मिळून ६ क्रेडिट आहेत, सगळ्यांत ए. त्यांतले फार तर २ धरता येतात, म्हणून आणखी ४ क्रेडिट आणि १६ गुणांक वजा. उरले ५४ क्रेडिट आणि १३३ गुणांक. भागून बघा: २.४६. मुलगा अपात्र.

असा मुलगा लगेच सोडून द्यायचा नसतो, पण दुरुस्तीचं गणित नीट करावं लागतं. ५४ क्रेडिटांना १३५ गुणांक हवेत, दोनच कमी पडतात, म्हणून 'उन्हाळ्यात एक विषय घे, बी काढ, झालं' असं सांगितलं जातं. एका तीन क्रेडिटच्या विषयात बी मिळाला तर ९ गुणांक वाढतात, पण क्रेडिटही ५७ होतात: १४२ भागिले ५७, म्हणजे २.४९. तरीही अपात्र. त्या एका विषयात ए लागतो, किंवा दोन विषय घेऊन दोन्हींत बी. दोन बी मिळाले की १५१ भागिले ६०, २.५२, आणि दार उघडतं. तिसरी वाट म्हणजे डी मिळालेला जुना विषय पुन्हा देणं. तीन क्रेडिटचा डी जाऊन बी आला तर ५४ क्रेडिटांवर १३९ होतात, २.५७. तिन्हींत ही वाट सगळ्यांत स्वस्त, पण तुमच्या विद्यापीठाचा रजिस्ट्रार पुनर्परीक्षेचा ग्रेड कसा धरतो यावर ती अवलंबून आहे. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, त्याच्याकडून लेखी घ्या.

आणखी एक किंमत लोक विसरतात. जून-जुलै जुकोतच उन्हाळी विषय करण्यात गेला की मुलगा तुमच्या कॅम्पसवर ऑगस्टमध्ये येतो. उन्हाळ्यातले आठ आठवडे, ज्यात संघाबरोबर आठवड्याला ८ तासांपर्यंत सराव-व्यायाम करता येतो, ते बुडतात. नव्या मुलासाठी हे आठ आठवडे फार मोलाचे. म्हणून वसंत सत्र संपायच्या आतच कागद बघितला पाहिजे.

इथवर सगळं जुळलं तरी अर्धंच काम झालं. 'चालणारे' क्रेडिट आणि 'बसणारे' क्रेडिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठाने स्वीकारलं ते चाललं. पण तिसऱ्या वर्षात खेळायला मुलाने एक ठरावीक पदवी निवडलेली असली पाहिजे आणि तिच्या आवश्यकतांपैकी ४० टक्के पूर्ण झालेल्या असल्या पाहिजेत. १२० क्रेडिटची पदवी धरली तर ४८. स्वीकारलेल्या ५४ पैकी कित्येक क्रेडिट नुसते ऐच्छिक म्हणून पडतात आणि निवडलेल्या पदवीत त्यांना जागाच नसते. त्याच मुलाचे बिझनेसमध्ये ४१ बसतील आणि कम्युनिकेशनमध्ये ५० बसतील, असं सर्रास होतं. म्हणून प्रवेश कार्यालयाकडून नुसतं 'किती चालले' एवढं घेऊ नका. मुलाला खरोखर रस आहे अशा दोन-तीन पदव्यांचा डिग्री ऑडिट रजिस्ट्रारकडून करवून घ्या.

मुलाला व्यवसाय शिकायचाय आणि आपण केवळ आकडा जुळतो म्हणून त्याला भलत्याच पदवीत कोंबतो, हे या धंद्यात फार चालतं आणि मला ते साफ नामंजूर आहे. दोन वर्षांनी त्याच्या हातात असा कागद येतो ज्याचं त्याला काही नाही. जुळत नसेल तर त्याला तसं सांगा: 'बिझनेस हवं असेल तर हे तीन विषय उन्हाळ्यात करावे लागतील, कम्युनिकेशन घेतलंस तर आज जुळतं.' निवड त्याची आणि त्याच्या घरच्यांची.

पुढचा टप्पाही आत्ताच बघून ठेवा. तिसरं वर्ष संपताना ६० टक्के लागतात, चौथं संपताना ८०, म्हणजे ७२ आणि ९६. नियमित दोन सत्रांत मिळून किमान १८ क्रेडिट आणि प्रत्येक सत्रात किमान ६ अशी वेगळी अट आहे, आणि अनेकांना वाटतं १८ झाले की भागलं. बरोबर ४८ वर आलेल्या मुलाला ७२ गाठायला पदवीत बसणारे २४ लागतात. नियमित वर्षात १८ केले तर ६ उन्हाळ्यात आलेच. काठावर आलेल्या मुलाला एकही विषय सोडायची मुभा नसते, हे त्याला सही करण्याआधी कळलं पाहिजे.

वेळेचा हिशेब वेगळा. कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ नाव घातल्या दिवसापासून पाच वर्षांचं घड्याळ सुरू होतं आणि त्यात चार हंगाम खेळता येतात. जुकोतले हंगामही त्यांत धरले जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये जुकोत गेलेल्या आणि दोन्ही वर्षं खेळलेल्या मुलाकडे दोन हंगाम आणि तीन वर्षं उरतात. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलपटू डिएगो पाव्हिया याने जुकोतले हंगाम धरू नयेत म्हणून दावा लावला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने मनाई हुकूम दिला आणि एनसीएएने त्याच्यासारख्या, त्या वर्षी पात्रता संपणाऱ्या खेळाडूंना २०२५-२६ साठी एक वर्षाची सवलत दिली. त्यानंतर वेगवेगळ्या न्यायालयांनी वेगवेगळे निकाल दिले. त्यामुळे 'याला आणखी एक वर्ष मिळेल' असं गृहीत धरून जागा किंवा पैसा राखू नका. दोन हंगाम धरून किंमत करा, आणि ताजा नियम कंप्लायन्सला विचारा.

भारतातून मुलगा-मुलगी पाठवणाऱ्या पालकांसाठीही हे घड्याळ महत्त्वाचं. पुण्यात एफवायबीकॉमला पूर्णवेळ प्रवेश घेतला की घड्याळ तिथेच सुरू होतं, अमेरिकेत पाय ठेवल्यावर नव्हे. आपली अकरावी-बारावी मात्र शाळाच धरली जाते. फॉर्मवर 'ज्युनियर कॉलेज' एवढंच लिहिलं तर तिकडचा कारकून ते त्यांचं जुको समजतो, म्हणून 'इयत्ता अकरावी-बारावी' असं स्पष्ट लिहा.

आणि डिसेंबरात मुलगा आणून जानेवारीत खेळवायचा बेत असेल तर सोडा. बास्केटबॉलमध्ये वर्षाच्या मध्यात जुकोतून आलेल्याला साधारणपणे त्या हंगामात खेळता येत नाही. सराव करता येतो, आणि कधी कधी तेवढ्यासाठीही आणणं शहाणपणाचं असतं.

कागद जुळला की फिल्म. पाच मिनिटांची हायलाइट टेप बघण्यात वेळ घालवू नका, तीत कुणीच चेंडू गमावत नाही. चार पूर्ण सामने मागवा: सर्वांत तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा, बाहेरगावचा, मोठ्या फरकाने हरलेला, आणि सलग दोन दिवस खेळले त्यातला दुसरा. पहिल्या फेरीत त्याच्या हातात चेंडू असतो ते क्षण सोडून द्या, बाकीचे बघा. जुकोतल्या पहिल्या पसंतीच्या स्कोअररला बचावात विश्रांती घ्यायची सवय लागते, कारण त्याला बाहेर काढणं त्याच्या कोचला परवडत नसतं.

क्लोजआउटवर, म्हणजे शूटरकडे धावत जाऊन त्याला अडवण्यावर, खास थांबा. चेंडू दुसऱ्या बाजूला आहे, आपला मुलगा साथीदाराच्या मदतीला पेंटमध्ये (बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकोनात) आला आहे, आणि पास उलटा कोपऱ्यातल्या शूटरकडे सुटतो. बघायचं काय? पास हवेत असतानाच निघतो की शूटरने झेलल्यावर? शेवटची दोन पावलं छोटी करून खाली बसतो की सरळ उंच धावत जाऊन एका हुलकावणीत बाजूला पडतो? शॉट सुटल्यावर बॉक्सआउटला (अंगाने अडवून रीबाउंडपासून दूर ठेवायला) माणूस शोधतो की चेंडूकडे बघत उभा राहतो? एका सामन्यात अशा दहा-बारा वेळा येतात. चार सामन्यांतल्या सगळ्या कागदावर मांडा: वेळेवर, उशिरा, गेलाच नाही. तिसऱ्या रकान्यात तिसरा हिस्सा असेल तर मुख्य कोचला तो आकडा सांगा. उशिरा पोचणारा मुलगा शिकवता येतो. जो निघतच नाही त्याला शिकवायला एक हंगाम जातो, आणि तुमच्याकडे त्याचे दोनच आहेत.

१८ गुण हा आकडा एकटा काही सांगत नाही. १५ शॉट आणि ५ फ्री थ्रो घेऊन १८ काढणारा आणि १२ शॉट व ४ फ्री थ्रो घेऊन १८ काढणारा, यांत फार अंतर आहे. शॉटमध्ये फ्री थ्रोंची ०.४४ पट मिळवा, त्या बेरजेच्या दुपटीने गुणांना भागा, की खरी शूटिंग टक्केवारी निघते: पहिल्याची ५२, दुसऱ्याची ६५. तुमच्या संघात त्याला १५ शॉट मिळणारच नाहीत. आठ-नऊ मिळतील, आणि तेही चेंडूशिवाय धावून.

तीन पॉइंटरवरही जपून. ९५ पैकी ३८, म्हणजे ४० टक्के, हे ऐकायला छान वाटतं. पण ९५ हा फार छोटा नमुना आहे, आणखी दोन वाईट रात्री आल्या तर तो ३६ वर येतो. बाजूला फ्री थ्रो बघा. १२० पैकी ७३ असतील, म्हणजे ६१ टक्के, तर त्या ४० वर विश्वास टाकू नका. हाताची खरी मऊशार फेक फ्री थ्रोला लपत नाही. रीबाउंड, स्टील आणि ब्लॉक हे मात्र वरच्या पातळीवर बऱ्यापैकी टिकतात. सहा-चारच्या गार्डचे बचावातले रीबाउंड चांगले असतील तर मी त्याला दोन गुण जास्त काढणाऱ्यापेक्षा वरचढ मानतो.

गुण खाली येणार, हे सगळ्यांनी आधीच मान्य करावं. पुढे एनबीएत गाजलेला जिमी बटलर टेक्सासच्या टायलर ज्युनियर कॉलेजात सामन्यामागे १८.१ गुण काढत होता. २००८-०९ मध्ये मार्केट (Marquette) विद्यापीठात गेला आणि पहिल्या हंगामात ५.६ वर आला. पुढच्या दोन हंगामांत १४.७ आणि १५.७, आणि २०११ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या निवडीत) ३०वा. तो एकाच वर्षानंतर टायलर सोडून आला होता म्हणून त्याच्याकडे तीन हंगाम होते. दोनच हंगाम असते तर चढणीचा निम्मा काळ त्या ५.६ मध्येच गेला असता. ओडेसा या जुकोतून १९८९ मध्ये युएनएलव्हीला (लास व्हेगसच्या नेव्हाडा विद्यापीठात) जाऊन पहिल्याच हंगामात २०.६ गुण काढणारा आणि १९९० चं विजेतेपद जिंकणारा लॅरी जॉन्सन हा अपवाद आहे. त्याच्या नावाने कुणाला भरीस घालू नये.

मग फोन. पहिला फोन जुकोच्या मुख्य कोचला, मुलाला नव्हे. तो त्याच्या पोरांचा पालक असतो, आणि त्याला डावललं तर पुढच्या पाच वर्षांतले त्याचे खेळाडूही तुमच्यासाठी बंद होतात. त्याला 'कसा मुलगा आहे?' असं विचारू नका, 'चांगला आहे' एवढंच उत्तर येतं. विचारा: सकाळी सहाच्या व्यायामाला किती वेळा उशीर झाला? कोणत्या विषयाचे किती तास बुडवले? तुम्ही त्याला शेवटचं बेंचवर कधी बसवलं, आणि तो काय म्हणाला? पुढच्या वर्षी तो परत मिळाला तर घ्याल का? शेवटच्या प्रश्नावर दोन सेकंद शांतता पडली तर ती वहीत लिहून ठेवा. त्यानंतर तिथल्या शैक्षणिक सल्लागाराशी आणि अ‍ॅथलेटिक ट्रेनरशी बोला. गुडघा, घोटा आणि पाठ यांबद्दल मुलाच्या लेखी परवानगीने विचारा. त्याच कॉन्फरन्समधल्या (साखळी गटातल्या) दोन प्रतिस्पर्धी कोचनाही फोन करा, ते सहसा सर्वांत खरं बोलतात. नॉन-क्वालिफायर जुकोत पहिल्या वर्षात असेल तर त्याला प्रत्यक्ष भेटण्यावर बंधन आहे. तुमचा मुलगा दुसऱ्या वर्षात आहे म्हणून ती अडचण नाही, पण पुढच्या वर्षीची यादी करताना हे ध्यानात ठेवा.

जुकोचा खेळाडू एनसीएएच्या ट्रान्सफर पोर्टलमध्ये (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नसतो, त्याला त्याची गरजच नाही. एप्रिलमध्ये सगळ्यांचे डोळे पोर्टलवर असतात आणि तेवढ्या काळात तुमच्यासारख्या संघाला जुकोत मोकळी जागा मिळते. त्याचा फायदा घ्या, पण घाई करून कागद वगळू नका.

कॅम्पस भेटीत जिम आणि लॉकर रूम सगळेच दाखवतात. तुम्ही त्याला दोन तास शैक्षणिक सल्लागारासमोर बसवा, डिग्री ऑडिट टेबलावर ठेवून. आई किंवा घरचं कुणी आलं असेल तर त्यांनाही. सही कुठे करायची, कुठला विषय कधी, पदवी कोणत्या महिन्यात, हे त्यांच्यासमोर बोलून घ्या. मैदानावरची भूमिकाही तिथेच सांगा: सुरुवातीला बेंचवरून १५ ते १८ मिनिटं, मुख्य काम बचाव आणि कोपऱ्यातला शॉट. 'तू आमचा पहिला स्कोअरर' असं खोटं सांगून आणलेला मुलगा जानेवारीत तोंड फिरवतो.

पैशाच्या बाबतीत आता शब्द मोजून वापरावे लागतात. खेळाडूला विद्यापीठाशी बांधणारं जुनं पत्र, नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, आता आर्थिक मदतीचा करार हाच बांधणारा कागद. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाउस समझोत्यात (खेळाडूंच्या मोबदल्याच्या दाव्यातली तडजोड) सामील असलेल्या विद्यापीठांना पुरुष बास्केटबॉलमध्ये १५ खेळाडूंची मर्यादा आहे आणि ते खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. जी सामील नाहीत त्यांना जुनी १३ शिष्यवृत्त्यांची मर्यादा लागू राहते. तुमचं विद्यापीठ कुठल्या गटात आहे हे आधी पक्कं करा, मगच तोंड उघडा. बाहेरच्या कंपनीचा ६०० डॉलरवरचा एनआयएल (खेळाडूचं नाव-चेहरा वापरण्याचा) करार नोंदवावा लागतो, म्हणून 'तेवढं आमचे लोक बघतील' असं मोघम आश्वासन देऊ नका. आणि मुलगा एफ-१ व्हिसावर असेल तर अमेरिकेत राहून अशा पैशासाठी काम केल्याने व्हिसाच धोक्यात येऊ शकतो. त्याला थेट विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे न्या. जुन्या कॉलेजकडून त्याची सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी) नोंद तुमच्याकडे वळवून नवा आय-२० हा व्हिसाचा कागद काढणंही तिथेच होतं.

मुख्य कोचला कागदाचं महत्त्व पटत नसेल तर एपीआरचा (संघाच्या शैक्षणिक प्रगतीच्या एनसीएए निर्देशांकाचा) हिशेब मांडा. प्रत्येक शिष्यवृत्तीधारकाला प्रत्येक सत्रात दोन गुण: एक पात्र राहिल्याचा, एक टिकून राहिल्याचा. १३ खेळाडूंचे वर्षाला ५२. एक मुलगा नापास होऊन निघून गेला तर दोन्ही जातात, ५० भागिले ५२, म्हणजे हजारात ९६२. असे दोन गेले तर ४८ भागिले ५२, ९२३. चार वर्षांची सरासरी ९३० च्या खाली गेली की मार्चमधल्या एनसीएए स्पर्धेचं दार बंद होतं. हा आकडा बघून बहुतेक मुख्य कोच शांतपणे ऐकायला लागतात.

तुम्ही विचारलेल्या गार्डबद्दल: कागदावर २.६६ दिसत असेल आणि तो नॉन-क्वालिफायर असेल तर वर मांडलेली वजाबाकी आजच करा. २.४६ निघालं तर त्याच्या कॉलेजच्या सल्लागाराला उद्या सकाळी फोन करून दोन गोष्टी विचारा. डी मिळालेला कुठला विषय उन्हाळी सत्रात परत देता येतो, आणि त्या सत्राची नोंदणी कुठल्या तारखेला बंद होते? ती तारीख मिळाली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. त्या आठवड्यात त्याचं नाव विषयात लागल्याची पावती हातात आली की मग कॅम्पस भेटीची तिकिटं काढा.